पितळी मूठ आणि दोन पेले कॉफी

अजमानच्या खाडीकाठी खैरुद्दीन मापारी यांच्या झावळ्यांच्या घरात कॉफीचे भांडे दर वेळी दोन पेल्यांतच का संपत असे, हे सुहैल बिन मतर यांना उमगले होते का? या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. ज्यांनी ते भांडे वर्षानुवर्षे ठरवून अपुरे भरले, त्या कुबराबाई मापारींनाही ते देता येत नाही. अल कुसैसमधल्या मुलीच्या फ्लॅटमध्ये बसून त्या ही हकिकत सांगतात आणि या ठिकाणी पोहोचल्या की दर वेळी थांबतात. "कळलं असंल तर तो मोठा माणूस," त्या म्हणतात, "आन् नसंल कळलं, तर आमचं काम चोख जालं."

खैरुद्दीन हे दाभोळच्या खाडीवरचे. घराणे तांडेलांचे; पण त्यांना स्वतःला समुद्रापेक्षा समुद्रावर चालणाऱ्या यंत्राची ओढ अधिक. मुंबईच्या गोदीत लाँचच्या इंजिनांवर हात बसल्यावर १९५८ मध्ये ते आगबोटीने आखातात आले आणि अजमानला राहिले. त्या काळी या किनाऱ्यावरच्या अमिरातींचे एक राष्ट्र झालेले नव्हते. अजमान म्हणजे एक किल्ला, एक बाजार आणि खाडीच्या वाळूवर उभे असलेले लाकडी गलबतांचे सांगाडे. शिडाच्या गलबतांत डिझेल इंजिने बसवण्याचे काम तेव्हा जोरात होते, आणि इंजिनाचा दांडा त्याच्या खोबणीत केसभरही न रेटता कसा बसवावा, हे खैरुद्दीन यांना चांगले साधले होते. चार वर्षांनी पत्नी कुबराबाई आल्या. घराच्या पुढच्या भागात कामाचा ओटा, मागे संसार आणि मध्ये झावळ्यांचा कूड, अशी त्यांची व्यवस्था होती. कुडाच्या फटींतून पलीकडचे सगळे दिसत असे. कुबराबाईंना अजमान कळले ते मुख्यतः या फटींतून.

गलबतांच्या मिस्त्रीकडे माणसे शिवणयंत्रे आणत, दिवे आणत, विहिरीचे पंप आणत. १९६३ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी सुहैल बिन मतर आपली रायफल घेऊन आले.

सुहैल मसफूतचे. मसफूत अजमानच्याच अमलाखालचे गाव, पण किनाऱ्यापासून दूर, हजरच्या डोंगरात. समुद्राकडे ते क्वचितच फिरकत. उंच, काटक, पांढऱ्या दाढीचे, बोलणे थोडके. त्यांची रायफल जुनी, जर्मन बनावटीची, लष्करी घाटाची होती. तिच्या उजव्या बाजूला बोल्टची आखूड दांडी आडवी बाहेर आलेली. ती दांडी वर उचलायची, मागे खेचायची, पुढे सारायची आणि पुन्हा खाली पाडायची, म्हणजे काडतूस बसते. जोर लागतो तो पहिल्या उचलीला, कारण त्या चतकोर फेऱ्यातच आतली स्प्रिंग दाबली जाते.

"अडते," सुहैल म्हणाले. "माझ्या बापाच्या हाती ही कधी अडली नाही."

त्या घराण्यात रायफल ज्येष्ठ पुरुषाच्या खुंटीला असे. ईदच्या दुसऱ्या दिवशी घरचे पुरुष डोंगरात रानबोकडाच्या मागावर जात. पहिली गोळी रायफलधाऱ्याची, आणि मांसाचे वाटे घालण्याचा मानही त्याचाच. कोणत्या विधवेकडे मांडी जायची, कोणत्या रुसलेल्या भावाकडे काळीज पाठवून अबोला मोडायचा, हे तोच ठरवी. एकदा दुसऱ्याच्या खुंटीला गेलेली रायफल परत मागायची नसते. सुहैल यांचा पुतण्या हमदान तिशीचा, तगडा आणि बोलका होता. त्याने दोनदा सुचवून पाहिले होते, "काका, जुने हत्यार तरण्या हाताला द्यावे."

खैरुद्दीन यांनी बोल्ट उचलून पाहिला. थोडा जड होता, फार नाही. तरी पाहुणा दुरून आला होता आणि अडते म्हणत होता. त्यांनी कॉफी मागवली आणि कामाला लागले.

येथे त्यांच्या हातून जी चूक झाली, ती कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्याच हातून व्हावी अशी होती. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडाशी, होड्या वर ओढल्या की लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला जाड वंगण थापायचे, हा तिथला धर्म. ज्या घरात नांगर, कोयती, कुलपे पावसाळाभर वंगणात निजतात, त्या घरच्या मुलाला वंगण म्हणजे माया वाटावी यात नवल नाही. खैरुद्दीन यांनी चरबी आणि मुशी माशाचे तेल घोटून केलेले गलबताचे वंगण बोल्टला सढळ हाताने भरले. बोल्ट सुळकन् सरकला. सुहैल यांनी दोन्ही हात लावून तो एकदा उचलला, मान डोलावली आणि कॉफी प्यायली.

कॉफी मात्र ते फार प्यायले. अरबी रिवाजाप्रमाणे पाहुण्याचा कानाविना पेला रिकामा झाला की यजमान लांब चोचीच्या भांड्यातून पुन्हा भरतो. पुरे झाले की पाहुणा तोच पेला मनगटातून दोनतीनदा हलवतो. तेवढी खूण पुरते. ती खूण होईपर्यंत ओतत राहणे हे यजमानाचे कर्तव्य. खैरुद्दीन ओतत राहिले, सुहैल पीत राहिले. शेवटी त्यांनी पेला जमिनीवर ठेवला आणि घाईने उठले.

शेजारी राहणारा यूनुस होडेकर गलबतावर खलाशी होता आणि कोणाचीही थट्टा केल्याविना त्याला अन्न पचत नसे. पाहुणा गेल्यावर तो म्हणाला, "खैरूभाय, डोंगरातल्या विहिरी आटल्या वाटतं. म्हाताऱ्यानं तुमची आठवड्याची काफी एका बैठकीत संपवली."

"पिऊ दे रे. एवढ्या लांबून आलेला माणूस."

"मी कुठं नाय म्हणतो? फुडच्या वेळेला पखालच भरून ठेवा!"

पुढची वेळ लवकर आली. जानेवारीच्या आरंभी, रमजानला थोडे दिवस उरले असता, सुहैल परत आले. ईदच्या आधी हात साफ असावा म्हणून ते पुतण्यासह डोंगरात गेले होते. वाटेत वारा सुटला, वाळू उडाली आणि वंगणाने ती सगळी आपल्या अंगाला लावून घेतली. रानबोकड कड्यावर समोर उभा असताना बोल्ट जो रुतला तो हलेना. बोकडाने त्यांच्याकडे पुरते पाहून घेतले आणि तो निघून गेला. त्यावर हमदान म्हणाला होता, "काका, त्याला वास आला. डोंगरात मासळीवाला कसा आला, हे पाहायला थांबला होता बिचारा."

सुहैल यांनी ही थट्टा न हसता सांगितली आणि रायफल ओट्यावर ठेवली. "ईदच्या दुसऱ्या दिवशी हमदान सर्वांसमोर मला बोल्ट उघडून दाखवा म्हणणार आहे. बोल्ट उघडला नाही, तर मी ती त्याला देईन. मीच देईन. त्याला मागावी लागू नये."

खैरुद्दीन यांनी बोल्ट बाहेर ओढून पाहिला. वंगण आणि वाळू यांची लापशी झाली होती. इंजिनाच्या झडपा घासून बसवताना वापरतात तशी. पोलाद खाणारी वस्तू त्यांनी स्वतःच्या हाताने, माया म्हणून, भरली होती.

"काका, ही माझी चूक," ते म्हणाले. "आमच्याकडे पाणी खातं, म्हणून आम्ही तेल भरतो. इथे वाळू खाते हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुम्ही आठवडाभर गावात राहा. मी दुसरं काम हाती घेणार नाही."

सुहैल अजमानमध्ये आपल्या सोयऱ्यांकडे उतरले आणि रोज सकाळी येऊन ओट्याशेजारी बसू लागले.

खैरुद्दीन यांनी बोल्ट सुटा करून घासलेटात धुतला, वाळूचा कण न् कण काढला. मग इंजिनाचा दांडा बसवताना ते जे करीत, तेच येथे केले. बोल्ट चिमणीच्या ज्योतीवर धरून त्यावर काजळीचा पातळ थर घेतला. काजळी धरलेला बोल्ट रायफलीत घालायचा, एकदा मागेपुढे करायचा आणि काढून पाहायचा. जिथली काजळी पुसली जाऊन धातू चमकतो, तिथे तो घासतो आहे. तेवढीच जागा शोधायची, तेवढीच गुळगुळीत करायची आणि पुन्हा काजळी धरायची. कानस त्यांनी लावली नाही. खाडीच्या वाळूवर माकुळ माशाच्या पाठीतली पांढरी हाडे पडलेली असत. ती कुटून, फडक्यातून गाळून, त्या मऊ भुकटीने ते पोलाद चोळीत राहिले. बोल्टच्या तोंडाशी असलेले दोन कान, जे गोळी सुटताना सगळा धक्का पेलतात, त्यांना मात्र त्यांनी बोट लावले नाही. तिथे केसभर झीज झाली तर बोल्ट हलका होईल, पण काडतुसाच्या मागे फट राहील आणि ती कधीतरी धरणाऱ्याच्या तोंडावर उलटेल.

सुहैल हे सगळे पाहत असत. एकदा म्हणाले, "तू त्याला रेटत नाहीस, विचारतोस."

"विचारल्याशिवाय सांगत नाही ते, काका."

अखेर काजळी सगळीकडे सारखी पुसली जाऊ लागली. आत कोरडे पोलाद, वर नावापुरता तेलाचा हात. खैरुद्दीन यांनी रायफल कुडापलीकडे नेली आणि कुबराबाईंना दांडी उचलायला सांगितले. त्यांच्या करंगळीने ती उचलली गेली.

बाहेर येऊन त्यांनी रायफल सुहैल यांच्या हाती दिली. सुहैल यांनी उजवी मूठ दांडीवर ठेवली. दांडी थोडी वर आली आणि थांबली. त्यांनी पुन्हा जोर केला. कपाळावरची शीर उठली. मग त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवू पाहिला, अर्ध्यावर थांबवला आणि मागे घेतला.

"अजून अडते," ते हळूच म्हणाले.

पुढचा श्वास घेण्याआधी खैरुद्दीन बोलून गेले, "हो काका. अजून अडते. अजून काम आहे." आणि कॉफी मागवली. सुहैल यांनी रिकामा पेला पुढे केला, खैरुद्दीन यांनी भरला. पुन्हा केला, पुन्हा भरला. पाहुणा नको म्हणेना, यजमान थांबेना. भांडे आटल्यावरच ते सुटले.

संध्याकाळी खैरुद्दीन जेवायला बसले खरे, पण घास उचलला जाईना. "एवढा सुटा बोल्ट मी उभ्या जन्मात केला नसंल," ते म्हणाले. "तुज्या करंगळीनं उचलला. मग त्याच्याच हाताला का अडावा?"

"अवो, बोल्टाचं सोडा," कुबराबाई म्हणाल्या. "त्याला काफी नको असते."

"पितो की पाच पाच पेले!"

"पितो, कारण तुमी ओतता. पेला हलवायला मनगट फिरवाय लागतं. त्याचं मनगट फिरत नाय. मी फटीतनं बघते ना. पेला धरतो, बघत ऱ्हातो, हलवाय जातो, हात हलत नाय. आन् तुमी आपले ओतता धो धो."

खैरुद्दीन यांनी ताट बाजूला सारले. रायफल आणि पेला या दोहोंना हाताचा एकच फेरा लागतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होते आणि त्यांची नजर मात्र पोलादावर खिळलेली होती.

"आमच्या बापांचं असंच जालं होतं," कुबराबाई पुढे म्हणाल्या. "जन्मभर वल्हं मारून मनगट धरलं. ते कदी म्हटले नायत की हात गेला. म्हणायचे, वल्हं फुगलंय. पावसात लाकूड फुगतं, खरंय, पण उन्हाळ्यात? भावानं वल्हं तासून दिलं, तरी फुगलेलंच. मग त्यानं काय केलं, वल्ह्याला जाड, लांब मूठ लावली. म्हटला, बाबा, आता रत्नागिरीत असंच वल्हं निघालंय, सगळे हेच वापरतात. मरेपर्यंत मारलं त्यांनी ते वल्हं."

"आन् त्यांना कळलं?"

"कोण विचारणार त्यांना?"

सकाळी खैरुद्दीन यांनी जुन्या लाँचचा एक झिजलेला पितळी बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते जाड कडे, शोधून काढला. दांडी लांब असली की तीच स्प्रिंग कमी जोरात दबते, आणि टोकाला मोठा गोळा असला तर मनगट न वळवता नुसत्या तळव्याच्या टाचेने ती वर रेटता येते. दांडी तापवून नवा तुकडा जोडणे सोपे होते. पण धग आत उतरली असती आणि बोल्टचे पोलाद नरमले असते. म्हणून त्यांनी त्या बुशातून पितळेची पोकळ मूठ घडवली, दांडीवर घट्ट बसवली आणि आडवी खीळ मारून पक्की केली. आकार लिंबापेक्षा थोडा मोठा, सर्व बाजूंनी गोल, अंगरख्यात अडकू नये असा. हे काम करताना त्यांनी कोणाला, अगदी सुहैल यांनाही, जवळ येऊ दिले नाही. यूनुसने कुडावरून डोकावून विचारले, "खैरूभाय, बंदुकीला दाराची कडी लावताय काय? पाहुणा आला की वाजवायला?"

"तू समुद्रावर जा," खैरुद्दीन म्हणाले. "तिथं तुझं ऐकायला मासे आहेत."

"माशांना तरी माझी कदर आहे!" असे म्हणून यूनुस गेला.

आठवडा भरला त्या दिवशी सुहैल आले, पण एकटे नव्हते. हमदान त्यांना घरी न्यायला उतरला होता. दार ओलांडताच त्याचे लक्ष मुठीकडे गेले. "हे काय, उस्ताद? रायफल आजारी पडली, की तिला ताईत बांधला?"

खैरुद्दीन यांनी खोटे बोलण्याची तयारी पहाटेच्या नमाजानंतर केली होती आणि तिच्याबद्दल माफीही तेव्हाच मागून ठेवली होती. "दोष रायफलीतच होता," ते शांतपणे म्हणाले. "मी कालपर्यंत बोल्टमध्ये शोधत होतो, तो दांडीत निघाला. ही दांडी जिथे घडली तिथे थंडी. तिथले शिपाई दोन बोटांनी धरतात. डोंगरातला माणूस पंजाने धरतो. त्या आखूड दांडीवर पंजा कसा बसणार? गोळा हवाच. आता ती खालून तळव्याने उचलायची. बोटांनी उचलायचीच नाही. उचलली तर ती बिघडते."

हे शेवटचे वाक्य त्यांनी हमदानकडे पाहून म्हटले. हमदानने रायफल घेतली, सांगितल्याप्रमाणे तळव्याने दांडी वर रेटली. बोल्ट उघडला. त्याने भुवया उंचावल्या आणि रायफल काकांकडे दिली.

सुहैल यांनी ती मांडीवर आडवी घेतली. पितळी गोळ्यावर तळवा टेकवला. मनगट सरळच राहिले. त्यांनी हात खांद्यातून वर नेला. दांडी उठली, बोल्ट मागे आला, पुढे गेला, बसला. कुडाच्या आत कुबराबाईंनी पदराचे टोक तोंडात धरले होते. सुहैल यांनी तो पुन्हा उघडला, पुन्हा मिटला, आणखी एकदा उघडला. मग कोणाकडेही न पाहता म्हणाले, "बापाच्या हाती असाच आवाज यायचा."

हमदान म्हणाला, "ईदला पहिली गोळी तुमची, काका. मासळीचा वास गेला असेल तर."

"गेला," सुहैल म्हणाले. "तुझ्या नाकातून जायला वेळ लागेल."

कॉफी आली. खैरुद्दीन यांनी पहिला पेला भरला, दुसरा भरला. तिसऱ्याला भांडे कलते केले तर चोचीतून एक थेंब आला आणि थांबला. आत कुबराबाईंनी तेवढीच केली होती. अरबी पाहुण्यासमोर यजमानाचे भांडे रिते निघणे यासारखी नामुष्की नाही. आणि अजमानमध्ये राहणाऱ्या माणसाला ते ठाऊक असणारच, हे हमदानच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटले. खैरुद्दीन यांनी मान खाली घातली. "माफ करा, काका. आमच्या घरात अंदाज चुकतो. आम्ही चहाची माणसं."

सुहैल यांनी रिकाम्या भांड्याकडे पाहिले, मग पेल्याकडे. पेला त्यांनी जपून खाली ठेवला. "अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले. "जी संपते ती कॉफी चांगली असते."

त्या वर्षीच्या ईदला सुहैल यांनी बोकड पाडला आणि त्याचे वाटे घातले. उन्हात वाळवलेल्या मांसाची एक जुडी मसफूतहून येणाऱ्या गाडीबरोबर अजमानला आली. पुढे दर हिवाळ्यात ते येत राहिले. कधी मूठ घट्ट करून घ्यायला, कधी काहीच काम नसताना. दर वेळी भांडे दोन पेल्यांत संपे, दर वेळी खैरुद्दीन माफी मागत, आणि चहाच्या माणसांना कॉफीचा अंदाज येत नाही, ही गोष्ट बाजारात म्हणीसारखी झाली. खैरुद्दीन यांनी ती कधी खोडली नाही.

एकदाच क्रम चुकला. १९६७ च्या थंडीत कुबराबाई आजारी होत्या, म्हणून यूनुसने कॉफी केली आणि भांडे काठोकाठ भरले. खैरुद्दीन यांना ते उचलताच वजनावरून कळले. पण आता उपाय नव्हता. दोन पेले झाले. तिसऱ्यासाठी त्यांचा हात पुढे गेला तेव्हा सुहैल यांनी आपला पेला ओंजळीत झाकून घेतला.

"या घरात ती दोनातच संपते, उस्ताद," ते म्हणाले. "आज का वाढवतोस?"

खैरुद्दीन यांनी भांडे खाली ठेवले. यूनुस हसला, त्याला त्यात कंजूषपणाची थट्टा दिसली. कुडाआड अंथरुणावर पडलेल्या कुबराबाईंना ती थट्टा वाटली नाही, पण कबुलीही वाटली असे त्या म्हणत नाहीत. म्हाताऱ्यांना ज्या घरात जी सवय लागते ती ते सोडत नाहीत, एवढेही ते असू शकते. ते दोघे पुरुष त्यानंतर बराच वेळ खाडीकडे पाहत बसले होते आणि पावसाबद्दल बोलले, हे कुबराबाईंना आठवते.

सुहैल बिन मतर १९७२ च्या मार्च महिन्यात मसफूत येथे आपल्या घरी वारले. त्या दिवशी रायफल त्यांच्याच खुंटीला होती.